माहीमच्या रांगेतला शेवटचा माणूस

तुतारी एक्स्प्रेसने चिपळूणहून निघालं की पहाटे दादर येतं. मुलं अर्धवट झोपेत, हातात पिशव्या, जिन्यावर गर्दी. पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं, लोकल पकडायची आणि माटुंगा रोडनंतर माहीमला उतरायचं. बारा वर्षं आम्ही याच वाटेने जातो. घरात या प्रवासाला 'माहीमची फेरी' असंच नाव पडलं आहे.

फेरी आमच्या दादीने सुरू केली. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या बरसीला ती म्हणाली, "गावात देग चढवू नका. गावात सगळ्यांच्या घरी चूल पेटते. माहीमला जा आणि पन्नास माणसांना जेवू घाला." कारण आम्हाला माहीत होतं. दादा अठराव्या वर्षी जहाजावर नोकरी मिळेल या आशेने मुंबईला गेले होते आणि सुरुवातीचे काही आठवडे बॅलार्ड पियरच्या बाजूला फूटपाथवर झोपले होते. गुरुवारी ते चालत माहीमला यायचे, कारण गुरुवारी तिथे पोटभर मिळायचं. दादा ही हकीकत हसत सांगायचे. दादीला मात्र ती ऐकताना कधी हसू आलं नाही.

माहीमचा दर्गा म्हणजे मखदूम फकीह अली माहिमी यांचं विश्रांतीस्थान. १३७२ साली जन्मलेले आणि १४३१ साली अल्लाहला प्यारे झालेले हे आलिम कुरआनचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बालपणीची एक गोष्ट घराघरांत सांगितली जाते. आईने रात्री पाणी मागितलं, मुलगा पाणी घेऊन आला तोवर आईचा डोळा लागला होता, आणि तो प्याला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. त्या आईची कबरही तिथेच आहे. डिसेंबरात इथे मोठा मेळा भरतो आणि संदलचा मान मुंबई पोलिसांचा असतो. मेळ्याची गर्दी ओसरली की जानेवारीतल्या एखाद्या गुरुवारी आम्ही जातो.

रांग

ज्यांनी माहीम पाहिलं आहे त्यांना ती हॉटेलं माहीत असतील. दर्ग्याच्या आसपासच्या रस्त्यावर, साधी, जुन्या टेबलांची. त्यांच्या दारासमोर फूटपाथवर माणसं उकिडवी बसलेली असतात, एकामागे एक, तोंडं रस्त्याकडे. कुणी हात पसरत नाही, कुणी ओरडत नाही. येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे देतो आणि किती माणसांचं ते सांगतो. मग हॉटेलचा माणूस बाहेर येतो, खांद्याला हात लावत मोजतो आणि तेवढी माणसं जेवायला घेतो. देणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. घेणाऱ्याचंही नाही. आम्हाला ही रीत नेहमी आवडायची. देणाऱ्याचा मोठेपणा नाही आणि घेणाऱ्याची शरम नाही.

गेल्या वर्षी, अकराव्या फेरीत, आम्ही पन्नास माणसांचे पैसे दिले. माणसं उठू लागली. आमच्यातला सर्वांत धाकटा, दहा वर्षांचा, एका बाजूला उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "हे शेवटचे आजोबा मागच्या वर्षीपण होते. त्याच्या मागच्या वर्षीपण."

आम्ही पाहिलं. रांगेच्या टोकाला एक वयस्क गृहस्थ. दाढी पांढरी, अंगात पुरुषभर मोठा कोट, पायाशी गोणपाटाची पिशवी आणि पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला. आम्हाला ते ओळखीचे वाटले नाहीत. पण ते आमच्याकडे पाहत होते आणि म्हणाले, "चिपळूणवाले ना? आधी तुमच्यासोबत एक म्हातारी बाई यायची. काठी होती हातात. तीन-चार वर्षं आली. मग नाही दिसली."

दादी शेवटची आली त्याला सात वर्षं झाली होती. त्याच हिवाळ्यात ती गेली. या माणसाने तिची काठी लक्षात ठेवली होती. आम्ही अकरा वर्षांत त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. दरवर्षी आम्ही पन्नास ताटं मोजली, माणसं मोजली नाहीत.

लाज वाटली. मग आम्ही तिथेच फूटपाथवर बसलो आणि अकरा वर्षं न विचारलेलं विचारलं. चाचा, नाव काय तुमचं?

त्यांनी सांगितलं. ते नाव आम्ही इथे छापत नाही. ते त्यांचं आहे आणि त्यांनी आम्हाला दिलं आहे.

चाचा मूळचे बीड जिल्ह्यातले. १९७२च्या दुष्काळात वडिलांचा हात धरून मुंबईला आले, तेव्हा मिसरूड फुटत होतं. आधी हमाली, मग एका बेकरीत भट्टीवर काम. मालकाने झोपायला माळा दिला होता. बायको वारली. मुलगी गावाकडे दिली. बेकरी बंद पडली आणि तिच्याबरोबर माळाही गेला. मुलीकडे काही महिने राहिले. "जावयाच्या घरात किती दिवस राहायचं? पोरीला बोलणी बसायला लागली." परत मुंबईला आले, थोडे दिवस म्हणून फूटपाथवर पथारी टाकली. त्या थोड्या दिवसांना वीस वर्षं झाली.

त्यांच्या आठवड्याला वेळापत्रक होतं. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळ, बुधवारी माहीमच्या चर्चबाहेर, कारण त्या दिवशी नोव्हेनाला गर्दी असते. गुरुवारी दर्गा, शुक्रवारी मशीद. "उपाशी नाही मरत मुंबईत," चाचा म्हणाले. "रमजानमध्ये तर इतकं येतं की ठेवायला जागा नसते. जागा नाही, तीच तर गोष्ट आहे."

आम्ही विचारलं, मग कशाची गरज आहे? कांबळं, औषध, पैसे, काहीतरी ते मागतील असं वाटलं होतं. त्यांनी मनगटावरचा बंद दाखवला. पिशवी तीनदा गेली होती. एकदा चोराने नेली, एकदा पावसाने, एकदा सामान उचलणाऱ्या गाडीने. पहिल्या पिशवीत रेशनकार्ड होतं, दुसरीत बायकोचा फोटो. पिशवी सोडून कामाला जाता येत नाही. पिशवी घेऊन कुणी कामावर ठेवत नाही. दवाखान्यात दाखल व्हा म्हणाले तेव्हा पिशवी कुठे ठेवणार म्हणून ते दाखल झाले नाहीत. "पिशवी ठेवायला जागा पाहिजे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा बोलले, "आणि मेल्यावर लावारिस म्हणून नको. जनाज्याला नाव माहीत असलेला एक तरी माणूस पाहिजे."

हॉटेलवाल्याने आवाज दिला तसे ते उठले, पिशवी उचलली आणि जेवायला आत गेले.

भायखळ्याहून मानखुर्दला

माहीमहून आम्ही दरवर्षी भायखळ्याला फुफीकडे जेवायला जातो. फुफीच्या घरी पूर्वी एक आपा कामाला यायच्या. त्या तिथूनच जवळच्या फूटपाथवर राहायच्या. बांबू, पोती आणि प्लास्टिकचं खोपटं. आमच्या लहानपणी त्या आम्हाला अंगाखांद्यावर घ्यायच्या. आता जवळजवळ वीस वर्षं त्या मानखुर्दला पक्क्या घरात आहेत आणि "येऊन तर जा" असं किती वर्षं म्हणत होत्या. त्या दिवशी आम्ही गेलो. माहीमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असेल असं फुफीला वाटलं.

भायखळ्याहून कुर्ला, कुर्ल्याला हार्बरची गाडी, टिळकनगर, चेंबूर, गोवंडी आणि मानखुर्द. आपांची इमारत मिलननगरमध्ये आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सव्वादोनशे चौरस फुटांची खोली, मोरी आत, खिडकीत तुळस नव्हे पण पुदिन्याचा डबा, भिंतीवर काबागृहाचं चित्र आणि दारावर त्यांचं स्वतःचं नाव. आपा आम्हाला आधी दारावरची पाटीच दाखवतात. चहा नंतर.

फूटपाथवरून या पाटीपर्यंतची गोष्ट मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे आणि आपल्या घरांतून ती फारशी सांगितली जात नाही. जुलै १९८१मध्ये, भर पावसात, फूटपाथवरची खोपटी पाडून माणसांना आपापल्या गावी पाठवण्याचा निर्णय झाला. मुख्यमंत्री होते अ. र. अंतुले, आपल्याच कोकणातले. त्यांचं नाव आजही आपल्या घरांत आदराने घेतलं जातं. म्हणूनच हेही सांगायला हवं. तमिळनाडूतल्या सेलमहून दुष्काळामुळे आलेल्या एका मजुराला बायको आणि तीन मुलींसह बसमध्ये बसवून परत पाठवलं गेलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो कामासाठी परत मुंबईला आला आणि पुन्हा फूटपाथवरच राहू लागला. ओल्गा टेलिस या पत्रकारांच्या नावाने ओळखला जाणारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातल्या अर्जदारांत हा मजूरही होता. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. पण योग्य नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करायला हरकत नाही, असंही सांगितलं. हक्क कागदावर मिळाला, छप्पर मिळालं नाही.

"निकाल लागला तेव्हा आम्हाला वाटलं, आता गाड्या येणार," आपा म्हणाल्या. त्याच सुमारास भायखळ्यात स्पार्क नावाची संस्था नुकतीच सुरू झाली होती. संस्थेने आणि फूटपाथवरच्या बायकांनी मिळून मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती वर्षं राहतं. १९८५ साली तो अहवाल निघाला. त्याच्या नावाचाच अर्थ होता, 'आम्ही, न दिसणारे'. पुढे १९८६ मध्ये या बायकांचा महिला मिलन हा गट उभा राहिला. रोज रुपया-दोन रुपये बचत, रेशनकार्डासाठी खेटे, घर केवढं हवं याची चर्चा. "घराची मापं आम्ही साडीने घेतली," आपा हसत म्हणाल्या. "टेप कुणाला कळत होती?" १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फूटपाथवरची कुटुंबंही धरली जाऊ लागली. तरी मानखुर्दला खोलीची किल्ली हातात यायला आणखी दहा-एक वर्षं लागली. मोजणीपासून किल्लीपर्यंत वीस वर्षं.

आम्ही त्यांना माहीमच्या चाचांबद्दल सांगितलं. आपा थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही बायका होतो, मुलंबाळं होती, शेजार होता. एकीचं खोपटं मोडलं तर दुसरी तिचं सामान धरून बसायची. एकट्या बाप्याची पिशवी कोण धरणार? तो कुणाच्या यादीत?"

यादीबाहेरची माणसं

आपांची मुलगी फूटपाथवर जन्मली. आता ती बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. संध्याकाळी ती कामावरून आली आणि तिने आम्हाला बरंच काही शिकवलं.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर नोंदली गेली, एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. रात्री मोजणी करताना जी सापडली तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांना बजावलं होतं की एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारं आश्रयगृह असलं पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तसंच मोजमाप होतं. लाखामागे किमान शंभर माणसांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा. मुंबईची लोकसंख्या २०११ साली १ कोटी २४ लाख होती. म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसांची सोय हवी. प्रत्यक्षात शहर त्याच्या जवळपासही नाही.

"पण असलेल्या आश्रयगृहातही जुनी माणसं येत नाहीत," ती म्हणाली, "आणि लोक म्हणतात, त्यांनाच रस्ता आवडतो." कारणं वेगळी असतात. कुणाला रात्रीचं काम असतं. नवरा-बायकोला एकत्र राहता येत नाही. कुठे दारू सोडल्याशिवाय घेत नाहीत, कुठे ओळखपत्राशिवाय. आणि भीती असते. १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्याखाली पहिल्यांदा पकडलेल्याला एक ते तीन वर्षं आणि पुन्हा पुन्हा सापडलेल्याला दहा वर्षांपर्यंत डांबता येतं. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. इथल्या म्हाताऱ्या माणसाला गाडी दिसली की तो पळतो. ती गाडी आश्रयगृहात नेणारी आहे की आणखी कुठे, हे त्याला कसं कळणार?

ती म्हणाली की वीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस एका दिवसात आत येत नाही. आधी त्याच्याशी ओळख करावी लागते. त्याच दिवशी, त्याच वेळी, तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटायला गेला पाहिजे. मग कागद. इथे तिने सांगितलेली एक गोष्ट आम्हाला अजिबात माहीत नव्हती. बेघर माणसालाही मतदार यादीत नाव घालता येतं. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री, आणि एकाहून जास्त रात्री, तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं. तसं दिसलं तर राहण्याच्या पुराव्याचा दुसरा कागद मागायचा नाही. कागदाची किंमत काय असते हे आपल्या घरांना आजकाल वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात कागदांची एक फाईल वरच्या कपाटात जपून ठेवलेली आहे. ज्याला कपाटच नाही त्याची फाईल कुठे राहील?

आणि कागदानंतर दार. फिनलंडमध्ये २००८पासून सरकारने असं ठरवलं की दीर्घकाळ बेघर असलेल्या माणसाला आधी घर द्यायचं, व्यसन, आजार, काम यांचे प्रश्न नंतर घरात बसून सोडवायचे. हेलसिंकीतल्या जुन्या आश्रयगृहांच्या जागी स्वतंत्र खोल्या झाल्या, भाड्याचा करार ज्याच्या त्याच्या नावाने आणि मदतीला त्याच इमारतीत माणसं. सात-आठ वर्षांत तिथली दीर्घकाळची बेघरी सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाली. आपण उलटं करतो, ती म्हणाली. आधी सुधारून दाखव, मग छप्पर.

परतीची गाडी

मध्यरात्रीच्या तुतारीने आम्ही दादरहून निघालो. मुलं झोपली. आम्ही मोठी माणसं जागीच होतो. कुणीतरी दादांची ट्रंक आठवली.

दादा फूटपाथवर काही आठवडेच राहिले. मग गावचा एक माणूस त्यांना बंदरावर भेटला आणि डोंगरीला गावच्या जमातीच्या खोलीवर घेऊन गेला. एका खोलीत बारा माणसं, पाळीपाळीने झोपायचं, पण प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. खोलीचा पत्ता मिळाला, पत्त्यावर पत्र आलं, जहाजावर नोकरी लागली. दादा म्हणायचे, माहीमला मला कुणी जेवू घातलं ते आठवत नाही, पण ट्रंक ठेवायला ज्याने जागा दिली त्याचं नाव मी नमाजनंतर रोज घेतो. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती. तिच्यातला पहिला भाग घेऊन आम्ही पन्नास ताटं वाढत राहिलो आणि दुसरा भाग सोडून दिला.

दादा आणि चाचा दोघंही त्याच शहरात, त्याच रांगेत बसले. एकाला जमात होती. दुसऱ्याला नव्हती. आपल्याकडे जकात वाटायची, मदत करायची, तर यादी जमातीची असते, नाहीतर मोहल्ल्याची. रेशनकार्ड बघतात, ओळखीचं पत्र मागतात. चांगल्या हेतूनेच. पण रस्त्यावरचा माणूस कुठल्याच जमातीचा नसतो. जकातीच्या आठ हक्कदारांत मिस्कीन आहे, मुसाफिरही आहे, आणि सूरह अल-बलदमध्ये तर धुळीत पडलेल्या मिस्कीनाचा वेगळा उल्लेख आहे. त्याच्यासाठी आपली यादी लिहिणाऱ्याला उठून धुळीपर्यंत जावं लागेल.

मदिनेच्या मस्जिदे नबवीत सुफ्फा होता. ज्यांना घर नाही, कुटुंब नाही, अशा सहाबांसाठी छपराखालचा तो ओटा. प्रेषितांनी ﷺ त्यांना नुसतं जेवण पाठवलं नाही. आधी छप्पर दिलं, आपल्या शेजारी जागा दिली, आणि सहाबांना सांगितलं की त्यांना आपापल्या घरी जेवायला घेऊन जा. सुफ्फावाल्यांची नावं इतिहासात राहिली. हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. बेघर होते, पण बेनाम नव्हते.

बारावी फेरी

गेल्या वर्षभरात काय झालं ते सांगतो. फार मोठं काही झालं नाही.

फुफीचा मुलगा कुर्ल्याला राहतो. तो दर दुसऱ्या गुरुवारी माहीमला जाऊ लागला. पहिले दोन महिने चाचा त्याच्याशी फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच त्याची वाट पाहिली. आपांच्या मुलीच्या मदतीने आधार निघालं, आश्रयगृहाच्या पत्त्यावर. मतदार यादीचा अर्ज भरला, अधिकारी एका रात्री येऊन गेले. दुसऱ्या रात्रीची अजून वाट पाहतो आहोत. चाचा आश्रयगृहात राहायला गेले, नवव्या दिवशी निघून आले. आम्हाला वाईट वाटलं. आपांची मुलगी म्हणाली, "नऊ दिवस राहिले ना? पुढच्या वेळी जास्त राहतील. दार उघडं ठेवा, हिशेब ठेवू नका." पावसाळ्यात ते पुन्हा गेले. अजून तिथेच आहेत. कधीकधी रात्री बाहेर जाऊन झोपतात आणि सकाळी परत येतात.

यंदा आम्ही पन्नासऐवजी पंचवीस माणसांच्या जेवणाचे पैसे दिले. उरलेल्या पैशांतून आश्रयगृहासाठी कप्प्यांचं लोखंडी कपाट घेतलं, प्रत्येक कप्प्याला वेगळं कुलूप. जेवण बंद करावं असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. भुकेला थांबायला सांगता येत नाही. पण वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी फेरी असेल, हाजीअलीची, माहीमची, गावच्या मशिदीच्या दारातली. तिथे दरवर्षी दिसणारा एक चेहरा असेल. एकदा नाव विचारा. मग पुन्हा जा. आपल्या जमातीची, मोहल्ल्याची जकात गोळा होत असेल तर तिथल्या आलिमांना विचारा की ज्याच्याकडे कार्ड नाही अशा माणसाच्या खोलीचं भाडं, त्याची कागदपत्रं, त्याचा दवाखाना यातून करता येईल का. आणि मशिदीच्या आवारात एखादी मोकळी खोली असेल, तर तिथे दहा कुलपांचं एक कपाट मावतं.

या जानेवारीत माहीमला गेलो तेव्हा चाचा रांगेत नव्हते. आम्ही घाबरलो. ते दर्ग्याच्या भिंतीला टेकून उभे होते, आमचीच वाट पाहत. हातात पिशवी नव्हती. गळ्यात दोरा होता आणि दोऱ्याला किल्ली. धाकट्याला ती त्यांनी दोनदा दाखवली.

जेवायला ते आमच्याबरोबर आत टेबलाशी बसले. जेवून झाल्यावर म्हणाले, "एक विचारायचं राहिलंय. ती काठीवाली बाई. तिचं नाव काय होतं?"

आम्ही सांगितलं. चाचांनी हात धुतले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दुआला हात उचलले. दादीचं नाव घेऊन.